वीतभर आखूड दोरी

आमच्या गावात मूल रांगायला लागलं की लोक आधी येय थावीला बोलावणं धाडायचे आणि मग नातेवाइकांना कळवायचे. येय म्हणजे आजी. ती कुणाचीच सख्खी आजी नव्हती. पण कंबोडियातल्या टोन्ले साप तळ्यावरच्या आमच्या साठ-सत्तर तरंगत्या घरांत जी पोरं धडधाकट मोठी झाली, त्यातल्या बहुतेकांच्या पायाला एके काळी तिने बांधलेली दोरी होती. माझ्या दोन्ही पोरींच्या पायांनाही होती. मी भाजीची होडी चालवते, रोज घरोघरी जाते, त्यामुळे कुणाचं पोर कधी बसलं, कधी पालथं पडलं, हे मला त्यांच्या बापांच्या आधी कळतं.

थावीची काम करायची तऱ्हा बघण्यासारखी होती. आल्या आल्या बसणं नाही, पाणी पिणं नाही. सारोंग गुडघ्यावर खोचायची आणि सरळ चार पायांवर उतरायची. सत्तरीची बाई, अख्खं घर रांगून काढायची. "उभं राहून घर बघणाऱ्याला काय दिसणार? माझ्या पोराच्या डोळ्यांतून बघा," म्हणायची. मग एकेक वस्तू बाहेर पडायची. फळीतून वर आलेला खिळा, चटईखाली विसरलेला गळ, चुलीशेजारची कोयती, खरकटं टाकायला मुद्दाम ठेवलेली फट. घरमालकीण ओशाळून हसायची आणि थावी तिला त्या फटीत स्वतःचा हात घालायला लावायची.

रांगून झालं की ती कमरेच्या पुरचुंडीतून एक हिरवं लिंबू काढायची आणि घराच्या मधोमध सोडून द्यायची. तरंगत्या घराला कुठे ना कुठे उतार असतोच. लिंबू जिकडे घरंगळेल तिकडेच मूल आधी जाणार, असं तिचं ठाम मत होतं, आणि मी कितीही तोंड वाकडं केलं तरी ते कधी चुकलेलं पाहिलं नव्हतं. त्या बाजूला ती जुनं मासेमारीचं जाळं बांबूला ताणून बांधायची. शेवटी दोरी. जुन्या पंच्यांच्या चिंध्यांची मऊ वेणी, एक टोक मधल्या खांबाला, दुसरं बाळाच्या घोट्याला, तिथेच एक पितळी घुंगरू. बाळाला पालथं घालून हात पुढे ताणायचे, आणि बोटांपासून घराच्या कडेपर्यंत वीतभर जागा उरली पाहिजे. तिची वीत, आपली नाही. "रडला तरी सैल करायची नाही," हे वाक्य ती प्रत्येक आईकडून तीनदा म्हणवून घ्यायची.

मजुरी म्हणजे एक ताट भात आणि मासा. ते मात्र मांडी घालून, बोटं चाटून खायची.

तिचंही एक पोर पाण्यात गेलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. खूप जुनी गोष्ट, माझ्या लग्नाच्याही आधीची. ती त्याबद्दल बोलत नसे आणि आम्ही विचारत नसू.

कोलापचा मुलगा विबोल आठव्या महिन्यात रांगायला लागला, तेव्हा तळं अगदी खाली गेलं होतं आणि उन्हाने पाण्याला वास मारत होता. मी भाजी घेऊन गेले तर कोलाप काकडी निवडायची सोडून माझा हात धरून बसली.

"बोंग रिन, हा चुलीकडे जातो गं सारखा." बोंग म्हणजे ताई.

"मग चुलीला आडोसा कर की."

"चुलीकडे नाही जात. चुलीच्या पलीकडे, कडेला. तिथे बसतो, पाण्याकडे बघतो आणि हसतो. असे हात वर करतो. कुणी उचलून घ्यावं तसे."

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. आमच्याकडे मानतात की प्रत्येक बाळाला मागच्या जन्मीची एक आई असते. तिचा जीव सुटलेला नसतो. बाळ झोपेत हसलं की ती खेळवतेय, दचकून रडलं की ती निघालीय. पोर चालायला-बोलायला लागेपर्यंत तिचा हक्क पुसला जात नाही, आणि तोवर ती त्याला परत नेऊ शकते. मी या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. बाळं पोटातल्या वाऱ्यामुळे हसतात, असं मी पन्नास जणींना तोंडावर सांगितलंय.

"थावीला बोलाव, जाळं लावून घे, आणि काकडी घे, कोवळी आहे," मी म्हटलं.

थावी आली तेव्हा मी तिथेच होते. नेहमीसारखी ती रांगायला लागली आणि विबोल तिच्या मागोमाग निघाला. ती खांबाला वळली की हा वळला, ती थांबली की हा थांबला. कोलापचा नवरा नारिथ जाळं दुरुस्त करत बसला होता, तो हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "येय, एक पोर सांभाळायला बोलावलं तर दोन झाली की हो!"

मग थावीने लिंबू सोडलं. ते अंथरुणांच्या बाजूला घरंगळत गेलं आणि जाळीच्या टोपलीला टेकून थांबलं. विबोलने लिंबाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थावी अंथरुणांजवळ लिंबू उचलायला गेली तसा आधी तिच्याकडे वळला, पण ती उठून होडीतली दोरी आणायला चुलीकडच्या कडेला उतरली, तर हा पठ्ठ्या चढावर, धापा टाकत, चुलीकडे.

"लिंबू चुकलं," मी म्हणाले. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

"लिंबू चुकत नाही," थावी म्हणाली. पण तिचा आवाज जरा पडला होता.

तिने बाळाला मांडीवर घेतलं, डावा पाय धरला, आणि दोरी गुंडाळता गुंडाळता थांबली. घोट्याभोवती एक काळसर वर्तुळ होतं. बोटभर रुंदीचं, कुणी ओल्या बोटाने ओढल्यासारखं. "जन्मापासून आहे," कोलाप म्हणाली, "घासून निघत नाही." थावीने त्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग तिने घाईघाईने गाठ मारली, वीत मोजली, चुलीच्या बाजूला जाळं ताणलं, आणि पान वाढलेलं तसंच टाकून होडीत जाऊन बसली. थावी न जेवता गेली! कोलापने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, म्हातारीचं पोट बिघडलं असेल.

महिनाभराने पाणी चढायला लागलं. आमच्या सगळ्या गावाचं बिऱ्हाड अशा वेळी हलतं. इंजिनाच्या होड्या एकेक घर ओढत वर नेतात आणि झाडांच्या शेंड्यांना नव्याने बांधतात. मागच्या वर्षीचा शेजारी यंदा समोर येतो, समोरचा मागे जातो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. घराच्या आत मात्र चूल चुलीकडेच असते आणि दार दाराकडे, म्हणून बाजूही आम्ही तशाच ओळखतो.

आणि विबोलने चूल सोडून दिली. आता तो दाराकडे जायला लागला. तिथेच बसायचा, हात वर करायचा आणि खळखळून हसायचा.

"तिने बाजू बदलली," कोलाप म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "आपण चुलीकडचं बंद केलं, म्हणून ती दाराकडून यायला लागली. बोंग, ती ऐकायची नाही आता."

मी थावीकडे निरोप घेऊन गेले. ती आपल्या फळीवर दोऱ्या वळत बसली होती. दोन्ही गुडघे दुखतात म्हणाली, तुझ्याबरोबर जाळं पाठवते, नारिथला बांधायला सांग. चाळीस वर्षांत तिने दुसऱ्याच्या हाताने गाठ मारून घेतल्याचं मला आठवत नव्हतं. मी जाळं घेतलं आणि परत वल्हवायला लागले. थावीच्या घरापासून कोलापचं घर समोरच होतं, मध्ये भाताच्या खाचराएवढं मोकळं पाणी. दुपार होती. वारा पडलेला. समोर दारात विबोल बसला होता, आणि तो हात वर करून हसत होता. माझ्याकडे बघून नव्हे. माझ्या खांद्यावरून, मागे.

मी वळून पाहिलं. मागे थावी होती. ती खाली मान घालून दोरी वळत होती, पण तिचे हात थांबलेले होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तळं खाली गेलं होतं तेव्हा थावीचं घर कोलापच्या चुलीच्या बाजूला होतं. मी स्वतःला चांगल्या चार शिव्या घातल्या आणि कोलापला फक्त जाळं दिलं.

कोलापने शेवटी आधीच्या आईला ताट द्यायचं ठरवलं. केळीच्या सोपटाची तबकडी, त्यात भात, उकडलेलं अंडं, इवलंसं झबलं, चिंधीची बाहुली. ती पाण्यात सोडायची आणि सांगायचं, बाई, तुझं तुला मिळालं, आता आमचं आम्हाला राहू दे. दहा-बाराजणी जमल्या. थावीला तीनदा बोलावलं. गुडघे दुखतात.

मी होडी दाराला लावून होडीतच बसले होते. टोपल्या राखायला, असं म्हटलं. सगळ्याजणी दाराच्या बाजूला दाटीने बसल्या तशी घराची ती कड पाण्याकडे झुकली. ताट सोडायला कुणीतरी जाळं वर उचलून खिळ्याला अडकवलं. कोलाप हात जोडून बोलायला लागली, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना घुंगरू वाजलं.

असा कितीसा वेळ लागतो? मी पाहते तो विबोल बायकांच्या गुडघ्यांमधून सुळकन पुढे आला. दोरी त्याच्या मागे सरकतच राहिली, जिथे ताणायला हवी तिथे ताणलीच नाही. तो कडेवरून पुढे गेला, पोट फळीवर घासलं आणि डोकं पाण्यात. मी होडीतून आडवी झेप टाकून त्याला काखेत धरून उपसला. माझे टोपलीभर टोमॅटो तळ्यात गेले.

तो रडला नाही. नाकातोंडातून पाणी येत होतं आणि तो हसत होता, हात लांब करून.

"दोरी!" नारिथ ओरडला. "म्हातारीने दोरी लांब बांधली!"

"मी," कोलाप म्हणाली. "मी सैल केली. सकाळपासून रडत होता. दोन वितीच... फक्त दोन वितीच सोडली." आणि तिने कपाळ फळीवर आपटून घेतलं.

मी समोर पाहिलं. थावी आपल्या फळीच्या अगदी टोकाला उभी होती. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले होते, जणू कुणी ते ओढून पुढे आणत होतं. मग ती आत गेली आणि भर दुपारी तिने दाराला चटई लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती माझ्या होडीशी आली.

"तुझं इंजिन माझं घर ओढेल का गं?"

"घर आत्ताच तर बांधलंय. कुठे न्यायचं?"

"बुडालेल्या झाडांच्या पलीकडे. जिथून हे गाव दिसत नाही तिथे."

ती होडीच्या काठावर बसली आणि पाण्याकडे बघत सांगायला लागली. तिचा मुलगा दहा महिन्यांचा होता. ती कडेला होडीत बसून मासे साफ करायची आणि तो घरात दोरीला बांधलेला. तिच्याकडे यायला रडायचा. तिने एक दिवस दोरी सैल केली. फक्त दोन विती. ती मान खाली घालून खवले काढत होती, आणि तो तिच्याकडेच येत होता.

"पुरायच्या आधी मी चुलीची काजळी बोटावर घेतली," ती म्हणाली. "दोरी होती तिथे घोट्याला फिरवली. म्हटलं, परत आलास तर मला ओळखू येशील."

"येय, खूण म्हणजे काय, चामखीळही असते माणसाला. हे वेड आहे."

"असेल."

"मग?"

"लिंबू इकडे गेलं आणि पोर तिकडे, हे तूच पाहिलंस ना?"

मी चिडले. "मग कोलापला सांग! हक्क सांग! लोक तुला मान देतील, सणाला नवं लुगडं नेसवतील."

"सांगितलं तर ती उद्याच त्याला माझ्या मांडीवर आणून घालेल. मागची आई जिवंत निघाली तर तशी रीतच आहे. आणि एकदा मांडीवर आला की मी सोडेन का गं त्याला? तो त्या घरचा होईल का?" तिने कमरेची पुरचुंडी आवळून बांधली. "सगळ्यांच्या घरातली भोकं बुजवली मी. त्या घराला एकच भोक राहिलंय, ते मी आहे. ओढतेस का नाही, तेवढं सांग. का दुसऱ्या कुणाला विचारू?"

मी ओढलं. त्याची मला आजही लाज वाटते आणि अभिमानही वाटतो, दोन्ही एकदमच. गावाला सांगितलं की म्हातारीला मासे चांगले मिळतील तिथे जायचंय. घर जडच असतं, इंजिन धूर ओकत होतं, आणि आम्ही कोलापच्या घराला वळसा घालून निघालो. घुंगरू वाजायला लागलं. दाराकडून अंथरुणांकडे, अंथरुणांकडून चुलीकडे, जाळ्याला चिकटून, जसजसं थावीचं घर सरकत होतं तसतसं घुंगरू आतून सरकत होतं. चुलीपाशी ते थांबलं. मग रडणं ऐकू आलं. विबोल तोवर कधीच असा रडला नव्हता. थावी घराच्या आत आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिने कान झाकले नव्हते.

झाडांपलीकडे मी तिचं घर बांधून दिलं तेव्हा तिने पुरचुंडीतून चिंध्यांची एक दोरी काढली, मधल्या खांबाला बांधली आणि दुसरं टोक स्वतःच्या डाव्या घोट्याला. मग पालथी पडून हात पुढे ताणले आणि मला म्हणाली, "बघ गं, कडेपर्यंत वीतभर राहते का."

"हे काय आता?"

"मी रांगत गेले तर?" तिने हसत विचारलं. मला हसू आलं नाही. मी मोजलं. वीतभर होती. माझी वीत.

आठवड्यातून एकदा मी तिला भाजी नि तांदूळ द्यायला जायचे. ती विबोलचं नाव काढायची नाही. एवढंच विचारायची, "उभा राहिला?" मी म्हणायचे, नाही अजून. मग एकदा म्हणाले, खांबाला धरून राहिला. तिने मान हलवली आणि भोपळा महाग का लावला म्हणून माझ्याशी भांडली. दर खेपेला तिच्या घोट्याभोवतीची कातडी जास्त काळी दिसायची. मी म्हणायचे दोरी सोड, कुजेल पाय. ती म्हणायची, रडले तरी सैल करायची नाही.

पाणी उलटं फिरून उतरायला लागलं त्या आठवड्यात मी कोलापकडे पालेभाजी मोजत होते, आणि विबोल आपल्या दोन पायांवर माझ्यापर्यंत चालत आला. माझ्या टोपलीतली मिरची उचलून त्याने कोलापकडे बघत स्पष्ट म्हटलं, "म्दाय." आई. कोलाप हसतेय की रडतेय ते कळेना. तिने त्याची दोरी सोडली आणि पाय चोळायला घेतला.

"बोंग, बघ ना," ती म्हणाली. "डाग गेला."

घोटा स्वच्छ होता. मी पुन्हा पुन्हा पाहिला. मग टोपल्या तशाच टाकून इंजिन सुरू केलं.

थावीने ऐकून घेतलं. चालला का, किती पावलं, पडला का, सगळं विचारलं. काय बोलला तेही विचारलं. मग तिने आपली दोरी सोडली. खाली बोटभर रुंदीचं काळं वर्तुळ होतं, आणि मी पंचा ओला करून किती घासलं तरी ते निघालं नाही.

"चल," ती म्हणाली. "माझं तिथे एक ताट राहिलंय."

कोलापने तिला बघताच धावत येऊन हात धरला. विबोलला पुढे ढकलत म्हणाली, "येयला हात जोड, बाळा. आठवतं का, कसा मागे मागे फिरायचास?"

विबोलने तिच्याकडे पाहिलं. कोण कुठली बाई, अशा नजरेने. मग त्याने भोकाड पसरलं आणि आईच्या सारोंगमध्ये तोंड खुपसलं. कोलाप ओशाळली. "असं काय करतो रे! माफ करा हं, येय."

"रडू दे," थावी म्हणाली. तिने पुरचुंडीतून लिंबू काढून घराच्या मधोमध सोडलं. घर हलवल्यापासून उतार चुलीकडे झाला होता, ते तिकडे घरंगळत गेलं, तिच्यापासून लांब. विबोलने डोळे पुसत ते पाहिलं, आणि तो खिदळत, पडत-सावरत, लिंबामागे गेला. चुलीकडचं जाळं पक्कं होतं. लिंबू जाळ्याला लागून थांबलं आणि तोही थांबला.

थावी बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने सारोंग घोट्यापर्यंत खाली ओढून घेतला आणि मांडी घातली.

"वाढ गं," ती कोलापला म्हणाली. "भूक लागलीय."

ती दोन ताटं जेवली आणि बोटं चाटली. मीच रडत होते, आणि कोलाप मला विचारत होती, काय झालं, तिखट लागलं का.